आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: शुगरच्या रांगेतल्या बाईचे स्तनही तपासा

माननीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळूर

सप्रेम नमस्कार.

विनंती आधी सांगते, कारणे मागून. बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात, म्हणजे खानापूर, बेळगाव आणि निप्पाणी तालुक्यांत, शुगर तपासायला सरकारी दवाखान्यात येणाऱ्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईच्या स्तनांची तपासणी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी व्हावी. आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का, कुणाला जास्त होतो, कुणाला होत नाही, याचे रीतसर संशोधन इथल्याच बायकांमध्ये, त्यांच्या संमतीने व्हावे.

मी खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पहिल्या बसने बायका उपाशीपोटी येतात, रक्त देतात, पिशवीतला डबा खातात आणि दोन तासांनी पुन्हा हात पुढे करतात. कुणाची तीन महिन्यांची शुगर नऊवर गेली आणि कुणाची सातवर आली, हे मला रिपोर्ट न काढता सांगता येते, इतकी या बायकांची सवय झाली आहे. त्यांतली एक, साठीच्या आसपासची, शेतावर राबणारी, अंगाने काटक आणि पोट मात्र पुढे आलेली. शुगरसाठी न चुकता यायची. एका सकाळी तिच्या हातात शुगरची चिठ्ठी नव्हती, ऑपरेशनच्या आधी लागणाऱ्या रक्ताच्या तपासण्यांची यादी होती. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती, काखेतही पसरली होती. गाठ कधीपासून आहे विचारले तर म्हणाली, "गेल्या भातकापणीपासून. दुखत न्हवती, म्हणून बोलले नाही." शुगर आटोक्यात नसल्याने तिचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले. त्या भातकापणीपासून ऑपरेशनपर्यंत ती किती वेळा सरकारी आरोग्य व्यवस्थेच्या समोर बसली असेल! प्रत्येक वेळी तिच्या बोटाला सुई टोचली गेली. स्तन तपासायचे मात्र कुणाच्या कामातच बसत नव्हते.

मंत्रिमहोदय, हे दोन आजार दोन वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहिले जातात, पण शरीरात ते एकमेकांना ओळखतात. पाळी गेल्यावर बीजकोशांतून इस्ट्रोजेन येणे थांबते. चरबीच्या पेशींत मात्र ॲरोमाटेज नावाचे एंझाइम असते आणि ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहते. पोटावरची चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. इन्सुलिन साखरेचा बंदोबस्त करते, तसेच पेशींना वाढीचा निरोपही देते. लठ्ठपणामुळे होणाऱ्या 13 प्रकारच्या कर्करोगांत पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये नोंदवले. मधुमेह असलेल्या बायकांत या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा साधारण 20 टक्क्यांनी जास्त दिसतो, असे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर आढळते. वीस टक्के हा घाबरवणारा आकडा नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी तो तसा सांगतही नाही. पण मधुमेह ज्या प्रमाणात पसरला आहे, त्यात लहान आकडाही खूप घरांत जाऊन बसतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 10 कोटींवर भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. पोटाचा घेर वाढलेले लोक 39.5 टक्के.

पोटाच्या घेराबद्दल आणखी एक सांगायलाच हवे. पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीत पाळी चालू असलेल्या जाड बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका उलट थोडा कमी दिसतो. आपल्याकडे वजनाच्या काट्यावर भरवसा ठेवून चालत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की आपल्या बायकांत कंबर आणि नितंब यांच्या घेराचे गुणोत्तर जास्त असेल तर धोका वाढतो, मग पाळी चालू असो की गेलेली असो. दोन वेळ भात खाणारी, हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेली आमची खानापूरची बाई वजनाच्या काट्यावर ठीकच दिसते. टेप लावला की मगच कळते.

तो टेप आपल्या आशाताईंच्या पिशवीत आहे! तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी त्या जो फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि कंबरेचा घेर यांना गुण आहेत. बाईचा घेर 80 सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य, 90 च्या पुढे गेला तर दोन. त्याच फॉर्ममध्ये घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, असे विचारतात. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला का, झाला तर कितव्या वर्षी, हे मात्र विचारत नाहीत. पुढच्या भागात स्तनात गाठ आहे का, हा प्रश्न येतो. म्हणजे गाठ हाताला लागल्यावरच आमच्या व्यवस्थेला स्तनाची आठवण होते.

आता तो टेप लावतात कसा, तेही सांगते. एका गावात आशाताईंबरोबर फिरताना पाहिले. ओसरीवर सासू बसलेली, दीर ये-जा करणारा. साडीवरूनच टेप फिरवला, तोही निऱ्यांच्या गाठोड्यावरून. आकडा आला 91. आत नेऊन, निऱ्या सैल करून पुन्हा घेतला तेव्हा 84. एका बाईच्या गुणांत एवढा फरक पडतो! जिथे साडीच्या निऱ्या सैल करायला आडोसा मिळत नाही, तिथे स्तनांची तपासणी कशी होणार? कोलारपासून 2024 मध्ये सुरू झालेल्या गृह आरोग्य योजनेचे मी मनापासून स्वागत करते. दारात जाणारी यंत्रणा गरिबाला हवीच. पण ही एक तपासणी दारात नीट होत नाही. पडदा, दार आणि बाईमाणूस असलेल्या खोलीतच ती व्हायला हवी, आणि शुगरसाठी बाई तिथे आपल्या पायांनी येतेच.

सध्याचा राष्ट्रीय आराखडा 2016 चा आहे. तीस ते पासष्ट वयाच्या सगळ्या बायकांची, पाच वर्षांतून एकदा, हाताने स्तनतपासणी. कागदावरही हे तोकडे आहे आणि प्रत्यक्षात तर 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी कधीतरी स्तन तपासून घेतलेल्या देशभरात 0.9 टक्के निघाल्या. शंभरातली एकसुद्धा नाही. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा कर्करोग झाला आणि 98 हजारांवर बायका त्याने गेल्या.

मग सगळ्यांना दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करा, असे मी म्हणत नाही. तेवढी यंत्रे नाहीत, ती वाचणारे डॉक्टर नाहीत, आणि तरुण, दाट स्तनांत मॅमोग्राफीला गाठ नीट दिसतही नाही. उगाच सापडलेल्या सावलीसाठी सुई टोचून तपासणी, मग तुकडा काढून बायोप्सी, मग महिनाभर झोप उडालेली बाई, हेही मी पाहिले आहे. म्हणूनच जगभर आता ज्या दिशेने संशोधन चालले आहे ती मला आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. ज्या बाईला धोका जास्त, तिची तपासणी लवकर आणि वारंवार. ज्या बाईला धोका कमी, तिला उगाच त्रास नको. अमेरिकेत विस्डम नावाच्या चाचणीत 28 हजारांवर बायका होत्या. वय, घराण्याचा इतिहास, स्तनांची घनता आणि जनुके पाहून कुणाला दर सहा महिन्यांनी आलटून पालटून मॅमोग्राफी आणि एमआरआय, कुणाला दरवर्षी, कुणाला दोन वर्षांनी, तर चाळिशीतल्या कमी धोक्याच्या बायकांना पन्नाशीपर्यंत काहीच नाही, असे वेळापत्रक ठरवले. डिसेंबर 2025 मध्ये निष्कर्ष आले. अशा तपासणीने उशिराच्या टप्प्यातले कर्करोग वाढले नाहीत. बायोप्सी कमी होतील ही आशा मात्र पुरी झाली नाही. युरोपात 53 हजार बायकांची अशीच चाचणी चालू आहे.

पण ही गणिते आपल्या बायकांवरून बांधलेली नाहीत. धोका मोजायची गेल नावाची जुनी पद्धत बाईचे वजनसुद्धा विचारत नाही. नंतरच्या पद्धती उंची-वजन विचारतात, पण कंबरेचा घेर किंवा शुगर नाही. जनुकांवरून गुण देणारी साधने मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर उभी आहेत. आपल्याकडे हा आजार तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षे आधी दिसतो. ती गणिते आयात करून खानापुरात वापरली, तर माझ्या बाकावर बसणारी काटक शरीराची, सुटलेल्या पोटाची बाई "कमी धोका" या खान्यात जाऊन पडेल.

हाताच्या तपासणीने काय साधते, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत दीड लाखांवर बायकांची वीस वर्षे पाहणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी स्तनतपासणी करवली. 2021 मध्ये निष्कर्ष आले. पन्नास आणि त्यापुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही. मुंबईत अंतर दोन वर्षांचे होते, आपण पाच वर्षांचे ठेवले आहे. मुंबईत फायदा पन्नाशीनंतर दिसला, आपण तीस आणि साठ वर्षांच्या बाईला एकच वेळापत्रक दिले आहे. ज्या बाईला सर्वांत जास्त उपयोग होऊ शकतो, तिच्याकडेच आपण सर्वांत कमी वेळा जातो. ती बाई कोण? पन्नाशीपुढची, पोट सुटलेली, शुगरची गोळी घेणारी. माझ्या बाकावर रोज सकाळी तीच बसते.

असे संशोधन बेळगावसारख्या ठिकाणी कसे होणार, अशी शंका बेंगळुरात कुणी काढली तर त्यांना आपल्याच जिल्ह्याची आठवण करून द्यावी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या खेड्यातल्या नर्सबाई देऊ शकतात का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात 1620 बायकांवर तपासले गेले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टर त्यात होते. रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. 2006 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आमच्या खेड्यांतल्या बाळंतिणींनी आणि नर्सबाईंनी जगाला दिलेले हे उत्तर आहे. मला त्याचा फार अभिमान वाटतो. तीच उपकेंद्रे, तशाच नर्सबाई आजही आहेत. आयसीएमआरची एक संस्थाही बेळगावातच आहे.

मला सुचते ते असे. खानापूर आणि निप्पाणी तालुक्यांतल्या उपकेंद्रांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटात आजचीच पद्धत ठेवावी. दुसऱ्यात पन्नाशीपुढच्या आणि शुगर असलेल्या किंवा घेर वाढलेल्या बायकांची दर दोन वर्षांनी, शुगरच्याच दिवशी, प्रशिक्षित नर्सबाईकडून तपासणी व्हावी. जिच्या आईला किंवा बहिणीला हा आजार झाला, तिला वय न पाहता पुढे पाठवावे. गाठ कोणत्या टप्प्यावर सापडते, याची तुलना आधी हाती येईल, मृत्यूंचे उत्तर यायला वर्षे लागतील. निप्पाणीत विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून बसतात, खानापूरच्या बायका शेतात वाकतात. दोघींच्या पोटाचा घेर आणि शुगर यांत काय फरक निघतो, हेही कळेल. यातून काहीच फायदा नाही असे निघाले तर तेही आम्हाला कळायला हवे.

एक अट मात्र पाळावी लागेल. आयसीएमआरच्या 2017 च्या नीतितत्त्वांप्रमाणे संशोधनातल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. या तालुक्यांत हजारो बायका मराठीच वाचतात. सीमेचा प्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे सुटेल तेव्हा सुटेल. स्तनांची तपासणी कशासाठी आणि गाठ निघाली तर पुढे काय, हा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही छापावा. ज्या बाईला कागद कळत नाही ती अंगठा उठवते आणि दुसऱ्यांदा येत नाही.

आणि गाठ निघालीच, तर तिला जायला जागा असू द्या. आज इथली बाई मिरजेला जाते, कोल्हापूरला, हुबळीला, गोव्याला, जिला कुणी जिथे सांगेल तिथे. प्रत्येक ठिकाणी कोणते कार्ड चालते, इथपासून सुरुवात. जिल्ह्यातच मॅमोग्राफी, सुईची तपासणी आणि बायोप्सीचा रिपोर्ट ठरावीक दिवसांत मिळेल, याची हमी नसेल तर गाठ शोधण्याला अर्थ नाही. केमोथेरपीबरोबर जी स्टेरॉइड देतात त्याने शुगर उसळते, म्हणून शुगरचे डॉक्टर आणि कर्करोगाचे डॉक्टर यांनी त्या बाईची फाईल मिळून पाहावी. आमच्याकडे अशा बायका दोन वेगळ्या चिठ्ठ्या घेऊन येतात आणि एका डॉक्टरने काय दिले ते दुसऱ्याला माहीत नसते.

संशोधनाला मंजुऱ्या लागतील, पैसा लागेल, हे मी समजू शकते. पण फॉर्ममध्ये नात्यातल्या कर्करोगाचे ते दोन प्रश्न घालायला आणि शुगरच्या दिवशी नर्सबाईला पडद्याची खोली द्यायला आपला एक आदेश पुरेल. तो आदेश काढण्याचा विचार आहे की नाही, आणि संशोधनाचा प्रस्ताव इथल्या डॉक्टरांनी आपल्या खात्यात नेमका कुणाकडे पाठवायचा, एवढे कळवावे.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक लॅब टेक्निशियन