एकोणपन्नास सांगितलं की मूल ५९ का लिहितं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिली-दुसरीच्या वह्यांत १ ते १०० अंकांची पानंच्या पानं भरलेली असतात आणि मुलाला शंभरपर्यंत येतं, असं घरी समजलं जातं. खरंच येतं का, हे दोन मिनिटांत पाहता येतं. मुलासमोर १६ मणी ठेवा, मोजून संख्या लिहायला सांगा. मग ६ वर बोट ठेवून विचारा, "हे यातले कोणते मणी?" मूल ६ मणी बाजूला काढेल. आता १ वर बोट ठेवा. बरीच मुलं एकच मणी उचलतात, आणि उरलेल्या ९ मण्यांचं काय, हा प्रश्न त्यांना पडतही नाही. गिरवून गिरवून हाताला वळण लागलेलं असतं, पण त्या जागेवरचा १ म्हणजे दहा, हे समजलेलं नसतं.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना ५ आधी. त्यामुळे श्रुतलेखनात ३५ उमटतात. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर या नावांत सात दर वेळी रूप बदलतो. 'एकोणपन्नास'मध्ये कानावर पन्नास पडतं, म्हणून ५९ किंवा ५१. 'तीनशे चार' बोलताना तर शून्याचा उच्चारच नाही. मूल ३०० लिहितं, पुढे ४ जोडतं आणि ३००४ करतं. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्याय आहे. त्याने जे ऐकलं ते इमानेइतबारे लिहिलं. लाल फुलीने ही चूक जात नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर बरीच टीका झाली. वाद भाषेच्या अस्मितेवर गेला आणि मूल कुठे अडखळतं हा मूळ मुद्दा मागे पडला. कन्नड आणि तेलुगूत दशक आधीच बोलला जातो. आमच्या मते एकवीस, त्रेपन्न ही नावं राहिलीच पाहिजेत, कारण घरात आणि बाजारात तीच चालतात. पण 'पन्नास तीन' ही मधली पायरी म्हणून वर्गात वापरायला काहीच हरकत नाही.

त्या पायरीला साहित्य अगदी साधं लागतं: शंभरेक काड्या आणि रबर. ५३ काड्यांचा ढीग द्यावा. मुलाने स्वतः दहा-दहा मोजून गठ्ठे बांधावेत आणि मोठ्याने म्हणावं, "पाच दशक, तीन सुटे, पन्नास तीन, त्रेपन्न." वेळ वाचवायला शिक्षक आधीच गठ्ठे बांधून देतात आणि तिथेच घोटाळा होतो. स्वतः न बांधलेला गठ्ठा मुलासाठी 'एक वस्तू' असते, त्यातले दहा त्याला दिसत नाहीत. पुढे ५० आणि ३ अशी दोन कार्डं घ्यावीत. ३ चं कार्ड ५० मधल्या शून्यावर ठेवलं की ५३ दिसतात, उचललं की खालचे ५० पुन्हा दिसतात. दशकाचे अंक नेहमी लाल रंगात लिहू नयेत. मूल रंग वाचायला शिकतं आणि जागा पाहत नाही. वही यानंतरच उघडावी.

एकोणपन्नाससाठी पाच गठ्ठे द्यावेत आणि एक काडी काढायला सांगावं. ती काढायची तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. उरतात चार गठ्ठे आणि नऊ सुट्या. पन्नास ऐकू येऊनही सुरुवात ४ ने का, हे मुलाच्या हातातच असतं. एकोणतीस ते एकोणनव्वद हाच खेळ चालतो. नव्व्याण्णवला मात्र नावाची घडण वेगळी आहे, ते वेगळं सांगावं.

बरोबरच्या चिन्हाचंही असंच होतं. ८ + ४ = □ + ५ दिलं की चौकटीत १२ येतात, कधी सगळ्यांची बेरीज करून १७. उत्तर नेहमी उजवीकडेच लिहायची सवय असल्याने = म्हणजे 'आता उत्तर लिही' असा अर्थ पक्का होतो. हीच मुलं पुढे ५ + ३ = ८ + २ = १० असं सलग लिहितात आणि सातवी-आठवीत समीकरणाशी झगडतात. पहिलीपासून ७ = ३ + ४ किंवा ५ + २ = ४ + ३ अशी उदाहरणं तराजूबरोबर दिली, तर हा गैरसमज मूळ धरत नाही.

बालवाडीत तर अंक गिरवायची घाईच नको. बंद डबीत किती चिंचोके आहेत हे लक्षात राहण्यासाठी झाकणावर काहीतरी खूण करायला सांगा. कोणी चिंचोके काढेल, कोणी तेवढ्याच रेघा ओढेल. चिन्ह कशासाठी असतं, हे त्या रेघेतून मुलाला कळू लागतं.

शाळांना आणि पर्यवेक्षकांना आमची विनंती आहे की पहिली-दुसरीच्या मूल्यमापनात १६ मण्यांचा हा तोंडी प्रश्न प्रत्येक मुलाला विचारला जावा. चाळीस मुलांच्या वर्गात रोज आठ जणांना विचारलं, तर आठवड्यात वर्ग पूर्ण होतो. जी मुलं एकच मणी उचलतील त्यांना हातच्याची बेरीज सुरू करण्याआधी पुन्हा काड्यांकडे न्यावं.

– प्राथमिक गणित शिकवणारे काही शिक्षक