बादली वाजवणाऱ्या सरांना

कात्रजच्या जुन्या घाटरस्त्याला ड्रिलनं खडकातून दगडाच्या कांड्या काढणारे सर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. आई तर अजून तुम्हाला ‘ते बादलीवालं पोरगं’ म्हणते, म्हणून पत्र असं सगळ्यांसमोर लिहावं लागतंय. आठवण पटावी म्हणून सांगते: तुमच्या ड्रिलचं पाणी संपलं होतं आणि तुमची विद्यार्थिनी कॅन घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटवर आली होती. तिला आमच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी आधी ओळखपत्र मागितलं, मग रस्तारुंदीची मोजणी आहे का विचारलं आणि शेवटी हळूच, “सोनंबिनं लागलंय का?” पाणी काही दिलं नाही. (आमच्या काळ्या पाषाणात सोनं कुठलं! वाघोलीच्या खाणीतली निळी कॅव्हन्साइटची स्फटिकं जगभरच्या संग्रहालयांत मांडलीत, पण आपल्याकडे खाण म्हणजे खडीच.) आमची आई वरून बघत होती. तीच दोन बादल्या घेऊन खाली उतरली, वर छत्रीही घेऊन.

त्या छत्रीची गंमत आम्ही अजून सांगतो. पोरीला ऊन लागतंय म्हणून आईनं तिच्या डोक्यावर छत्री धरली, तर ती ओरडली, “आजी, सावली नको, ऊनच पाहिजे!” हा खडक स्वतःच चुंबकी, तो साध्या होकायंत्राला फसवू शकतो, म्हणून ती सळईच्या सावलीवरून दिशा घेत होती. मग कांडीवर त्या दिशेचा बाण. बाण न करता काढलेली कांडी तुम्हाला दगडाइतकीच, हे आईला लगेच पटलं. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरली, ती आजही तशीच आहे. सह्याद्रीतल्या कितीतरी थरांत ती आजच्या जवळजवळ उलटी निघते. आणि तेव्हा आपली ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. हे सगळं तुम्ही आईला दगडावर बसून सांगितलंत. ती म्हणाली, “येवढ्या लांबनं चालत आलीया व्हय?”

पण मला आभार मानायचेत ते पुढच्या पाच मिनिटांचे.

आईचं माहेर हेळवाकच्या बाजूचं, कोयनेच्या खोऱ्यातलं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, तिला जात्याच्या घरघरीनं जाग आली. दळणारी तिची आजी तर शेजारीच झोपलेली. मग भुई हलली. आई दारातून बाहेर पडली आणि भिंत आत पडली. आत तिचा चार वर्षांचा भाऊ होता. आई तेव्हा अकरा वर्षांची.

त्या भूकंपाची तीव्रता 6.3 होती आणि पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हे मी पुढे वाचलं. घरात याची चर्चा कधी नव्हती. होतं ते एकच वाक्य, आईचं: “आदी जातं वाजलं, मंग भुई हालली.” ट्रक गेला, वरच्या मजल्यावर कपाट सरकलं की ती उठून बसायची. 30 सप्टेंबर 1993ला आम्ही नारायण पेठेत राहत होतो, बाहेर विसर्जनाची मिरवणूक अजून चालू. पहाटे चारच्या सुमारास आईनं आम्हा दोघा भावंडांना ओढत रस्त्यावर आणलं. वाड्यातले लोक हसले, म्हणाले ढोल असेल. दुपारपर्यंत किल्लारीची बातमी आली. तेव्हा कोणी हसलं नाही, पण ‘तुमचं बरोबर होतं’ असंही कोणी म्हणालं नाही.

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. नातेवाइकांनी शांती करून घ्या म्हटलं. एका व्याख्यानाला मी तिला मुद्दाम घेऊन गेले होते, विषय भूकंपच होता. प्रश्नोत्तरांत ती उभी राहिली आणि आवाज आधी कसा आला ते विचारू लागली. वक्ते म्हणाले, “आजी, प्रश्न विषयाला धरून असू द्या.” सभागृह हसलं. मीही खाली बघत बसले, हे कबूल करते. त्यानंतर ती गप्पच झाली होती.

तुम्हाला तिनं सांगितलं ते पाण्याच्या बदल्यात म्हणून नाही. तुम्ही विचारलंत: “आजी, आवाज आधी की हादरा आधी?” सर, इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

तुम्ही वही काढली, ‘जातं’ हा शब्द तसाच लिहून घेतलात. मग सांगितलंत की दोन लाटा एकदमच निघतात. एक जलद धावते, तिची घरघर ऐकू येते. भिंती पाडणारी मागून येते. गाव कुठलं ते विचारून, भूकंपाची खोली धरून तुम्ही बोटांवर हिशोब केलात. मग रिकामी बादली पालथी घातलीत आणि तिच्या बुडावर टिचकी मारलीत. टक्. आणि लगेच मुठीनं, धप्. “एवढंच अंतर, आजी. दीड सेकंद, फार तर दोन. एवढ्यात माणूस अंथरुणात उठून बसतो. दुसऱ्याला उचलायला वेळच नसतो.”

आईनं पुन्हा वाजवायला लावलं. तुम्ही वाजवलंत. पाच-सहा वेळा तरी. ड्रिल थांबलेलं, मुलं उन्हात उभी, पण तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत.

आवाज आधी आला म्हणजे आपल्याला वेळ होता, हे ती अठ्ठावन्न वर्षं मनात धरून होती, हे मला त्या बादलीच्या आवाजात कळलं. भूकंप कोयनेच्या धरणामुळे झाला का, हेही तिनं विचारलं, आणि तुम्ही ‘सगळं धरणानंच केलं’ किंवा ‘धरणाचा काही संबंध नाही’ यातलं सोपं काही सांगितलं नाहीत. ताण खडकात आधीपासून होता, भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबानं त्याला निमित्त मिळालं, म्हणालात. पुढचा भूकंप कधी, याला सरळ “कोणालाच सांगता येत नाही” म्हणालात. शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकायची आम्हाला सवय नव्हती. आईला तेच फार आवडलं. “खोटं न्हाई बोल्लं,” म्हणते.

ट्रकच्या आवाजानं ती अजूनही उठते. पण उठून खिडकी लावते आणि परत झोपते. परवा मामाचं नाव पहिल्यांदा माझ्या मुलाला सांगितलं. बाण पुसला गेला म्हणून तुम्ही ठेवून गेलेली कांडी लोणच्याच्या बरणीत दट्ट्या म्हणून आहे.

आणि हो, तुमची पिवळी मोजपट्टी आमच्याकडेच राहिलीय. कमिटीवाल्यांना विचारू नका, ते ओळखपत्र मागतील. सरळ दुसऱ्या मजल्यावर या. आई अकरानंतर घरीच असते.

आपली,
बादलीवाल्या आजींची मुलगी