टोचलेल्या पीआरपीचा आकडा कागदावर का नाही?

प्रति, संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय 61. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, अशा दोघांनी सांगलीत एकाच दवाखान्यात, एकाच दिवशी गुडघ्यात पीआरपी घेतले. पीआरपी म्हणजे आपलेच रक्त मशीनमध्ये फिरवून वेगळा केलेला, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) दाट असलेला भाग. दोघांच्या एक्स-रेवर शेरा एकच होता. आण्णा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे, पण दोन महिन्यांत मांडवाखाली वाकून फिरू लागले. मला आजही शेडमध्ये खुर्ची टाकून बसावे लागते.

दोन माणसांवरून औषधाची परीक्षा होत नाही, हे मला कळते. माझी तक्रार वेगळी आहे. मला काय टोचले, हे माझ्या फाईलवर कुठेच लिहिलेले नाही. "तुमच्याच रक्तातले आहे, काळजी नको" एवढेच सांगितले गेले. बेदाण्याची पट्टी मोडून पैसे भरले, पावतीवर फक्त 'पीआरपी 1' अशी नोंद आहे.

आण्णांची मुलगी लॅब टेक्निशियन आहे. महिन्याभराने तिने आम्हा दोघांची सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, केली. माझ्या प्लेटलेट्स 1 लाख 62 हजार, आण्णांच्या 3 लाख 10 हजार. दोन्ही आकडे निरोगीच, कारण दीड ते साडेचार लाखांपर्यंत सगळे नॉर्मल धरतात. पण रक्त फिरवून ते चौपट दाट केले, तर माझे पीआरपी साडेसहा लाखांच्या आसपास आणि आण्णांचे बारा लाखांच्या वर. सिरिंज तेवढीच, नाव तेच, आतला माल जवळपास निम्मा.

मला वाटले, कारण सापडले. पुतणी म्हणाली, इतकेही सोपे नाही काका. गुण प्लेटलेट्सच्या पोटात भरलेल्या ग्रोथ फॅक्टरचा, म्हणजे पेशींची वाढ-दुरुस्ती करायला लावणाऱ्या प्रथिनांचा असतो, आणि प्रत्येकाच्या प्लेटलेटमध्ये तो सारखा भरलेला नसतो. 2002 साली 115 लोकांचे पीआरपी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात ज्याच्या प्लेटलेट्स जास्त त्याचे ग्रोथ फॅक्टरही तेवढेच जास्त, असे सरळ गणित बसले नाही. 2012 च्या एका अभ्यासात तर एकाच माणसाचे रक्त वेगवेगळ्या दिवशी घेतले, तरी पीआरपी वेगळे निघाले. पांढऱ्या पेशी किती आल्या, मशीन किती वेगाने आणि कितीदा फिरवले, यानेही फरक पडतो.

त्यात आणखी एक गोष्ट. आदल्या रात्रीपर्यंत मी दुखण्याची गोळी घेत होतो. प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे, आणि ॲस्पिरिनचा परिणाम ती मरेपर्यंत तिच्यावर राहतो. इतर वेदनाशामकेही काही काळ तिचे काम मंदावतात. म्हणून पुष्कळ डॉक्टर अशा गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. मला कोणी विचारलेच नाही. (हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल त्यांनी मात्र हे वाचून ती परस्पर बंद करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.)

आम्ही बागायतदार एकाच शिवारातल्या दोन प्लॉटना डोळे झाकून सारखे खत घालत नाही. देठ परीक्षण करतो, कुठे पोटॅश कमी, कुठे मॅग्नेशियम कमी ते बघतो, मग डोस ठरवतो. ब्रिक्स, म्हणजे द्राक्षातली साखर, मोजल्याशिवाय माल काढत नाही. वेलीसाठी एवढे करतो, तर माणसाच्या गुडघ्यासाठी नको?

ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेला प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर पीआरपी आणि साधे सलाईन यांत दुखण्याच्या बाबतीत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. काही तज्ज्ञांनी हरकत घेतली की त्यातले पीआरपी पुरेसे दाट नव्हते. खरे कोणाचे, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांनी आकडा नोंदवला होता म्हणून निदान वाद तरी घालता येतो. माझ्या बाबतीत इंजेक्शनच निरुपयोगी होते, की माझे पीआरपी पातळ पडले, की गोळीने घात केला, हे आता कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही.

ग्रोथ फॅक्टर मोजायची तपासणी महाग, ती प्रत्येकाची करा असे मी म्हणत नाही. पण रक्त घेताना प्लेटलेट्स किती, तयार पीआरपीत किती, पांढऱ्या पेशी आहेत का, किती मिली टोचले, आधी कोणत्या गोळ्या चालू होत्या, एवढे लिहायला काय अडचण आहे? सीबीसीच्याच मशीनवर पीआरपीचा नमुनाही मोजता येतो, फार दाट असला तर पातळ करून. सांगली-मिरजेला लांबलांबून रुग्ण येतात, इथल्या डॉक्टरांवर लोकांचा जीव आहे, माझाही आहे. म्हणूनच हे मागतो आहे.

दिवाळीनंतर आण्णा दुसऱ्या गुडघ्यात इंजेक्शन घेणार आहेत. पुतणी सोबत जाऊन दोन्ही आकडे लिहून घेणार आहे. ज्याच्या घरात लॅबवाली पुतणी नाही, त्यालाही ते न मागता मिळावेत, म्हणून डॉक्टरांच्या संघटनांनी छापील फॉर्ममध्येच त्या चार-पाच ओळींची जागा ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली