निधनवार्तेतली एक ओळ

मा. संपादक,
स. न.

आपल्या नाताळ पुरवणीतला वसईच्या ख्रिस्ती खाण्यावरचा लेख वाचला. लेख बरा होता. फोटो दरवर्षीप्रमाणे केकचा. आमच्या आज्यांच्या काळी गावातल्या किती घरांत ओव्हन होता हो? नाताळ म्हणजे कुलकुल, नेवऱ्या, दोदोल आणि पिठाचे तळलेले गोळे, म्हणजे फुगे. पण ते एक वेळ सोडून देऊ. मला खटकलं ते हे की, अख्ख्या पानावर एकाही रांधणारीचं नाव नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या), नव्वदी ओलांडलेल्या एका मावशींची निधनवार्ता आपल्याच अंकात आली. नाव, वय, ‘त्या गृहिणी होत्या’, पश्चात मुले, सुना, नातवंडे. ज्यांच्या हातचं जेवून दोन-तीन पिढ्यांची लग्नं पार पडली, त्यांच्या वाट्याला एवढंच.

त्यांचं नाव मी इथे देत नाही, कारण गास, गिरीज, नंदाखाल, भुईगाव कुठेही विचारा, अशी एखादी मावशी निघतेच. घरचं मोठं खटलं, वाडीतली कामं, राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात घालणं-काढणं, हे सगळं उरकून ती गावच्या लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या आणि मयताच्या चुलीपाशी उभी असते.

या बायकांचं वर्ष चर्चच्या पंचांगावर चालतं. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीसेक दिवसांत, आमच्याकडे सहसा लग्नं लागत नाहीत. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो आणि त्याच्या हिशोबाने उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, मागेपुढे सरकतो. तो लवकर आला की नाताळनंतरचा लग्नाचा हंगाम आखूड होतो, मग एकाच दिवशी गावात दोन-दोन मांडव. नवं कॅलेंडर हातात पडलं की मावशी आधी राखेचा बुधवार शोधायच्या. स्वतःचा वाढदिवस त्यांना आठवत नसे, ईस्टरची तारीख मात्र पाठ.

आता एक गोष्ट सांगते, जी तरुण वाचकांना खोटी वाटेल. जुन्या नियमाने कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र भाकरीचा प्रसाद, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पाण्याची मुभा १९५३ साली मिळाली, १९५७ साली हा उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. सणाच्या दिवशी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून लोक जेवायला बसणार, म्हणजे रांधणं रात्रभर. रांधणारीला सकाळी कम्युनियन तर घ्यायचंच. मग मीठ बघायचं कोणी? मावशींचा तोडगा असा: पहिलं कम्युनियन अजून न झालेलं एखादं पोर झोपेतून उठवायचं, त्याच्या तळहातावर रस्सा टेकवायचा आणि तोंडाकडे बघत बसायचं. पोराने ओठ चाटले तर ठीक. नुसतंच गिळलं तर मीठ कमी. तोंड वाकडं केलं तर आणखी एक तपेलं पाणी. रोममध्ये नियम बदलला तेव्हा आमच्याकडच्या चुलीवर काय बदललं, हे कुठल्या इतिहासात लिहिलंय? संध्याकाळची मिस्साही त्याच वर्षांत, म्हणजे १९५३ला मर्यादित आणि १९५७ला जरा सढळ हाताने, मान्य झाली. पुढे लग्नं संध्याकाळवर सरकली आणि दुपारची पंगत रात्रीची झाली, तिची सुरुवात माझ्या मते इथे आहे.

फुग्यांचंच घ्या. कृती आता मोबाइलवर शंभर सापडतात. पीठ ताडीवर किंवा यीस्टवर फुगवायचं, हे सगळेच सांगतात. पण मूठ किती आवळायची? अंगठा आणि तर्जनीच्या मधून पीठ वर येतं, ते लिंबाएवढं झालं की ओल्या बोटाने तोडायचं आणि कढईच्या कडेने सोडायचं. गोळा तेलात स्वतःहून उलटला पाहिजे. झाऱ्याने उलटावा लागला तर मावशी म्हणत, “पीठ अजून झोपलंय, झाका.” वऱ्हाड दारात असलं तरी झाकायला लावत. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल दोन दिवस आधी करून ठेवायचं, रोज एकदा उकळी आणायची. व्हिनेगरमुळे ते फ्रीजशिवाय टिकतं आणि मुरतंही. लग्नघरच्या कोणी मध्येच झाकण उचललं तर त्यांची जीभ अशी चाले की नवरदेवही अंगणात पळे. संत वगैरे त्या मुळीच नव्हत्या, आणि मेल्यावर त्यांना तसं रंगवू नये.

मोबदला काय? एक साडी आणि घरी न्यायला डबा. आज केटरर ताटावर दर सांगतो, आगाऊ रक्कम घेतो, आणि ते रास्तच आहे. तेच काम गावची बाई करत होती तोवर मात्र ती सेवा होती. दरवर्षी २९ जुलैला संत मार्था, मरिया आणि लाझरस यांच्या सणाला प्रवचनात ऐकायला मिळतं की, येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली, त्याचं ऐकत बसलेल्या तिच्या बहिणीने, मरियेने, चांगला वाटा निवडला. मागच्या बाकावरच्या स्वयंपाकिणी एकमेकींकडे बघतात. एकटीवर काम पडल्याची मार्थेची तक्रार निदान शुभवर्तमानात लिहून तरी ठेवली आहे. आमच्या एका धर्मग्रामाच्या स्मरणिकेत बाकं, पंखे आणि घंटेच्या देणगीदारांची पानंच्या पानं आहेत, रांधणाऱ्यांचा उल्लेख ‘महिला मंडळाचे सहकार्य’ इतकाच.

नोंदी ठेवणं चर्चला नवीन नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या परिषदेने, १५६३ सालीच लग्नाची नोंदवही बंधनकारक केली. मावशींच्या नोंदी शोधल्या तर बाप्तिस्मा मुंबई महाधर्मप्रांताचा आणि मृत्यू वसई धर्मप्रांताचा, जो १९९८ साली वेगळा झाला. जन्म ठाणे जिल्ह्यातला, मरण २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यातलं. लग्नानंतर घर मात्र एकच, आणि त्या घराच्या परसात काय शिजलं ते कुठल्याच वहीत नाही. पायलीभर तांदळाला पाणी किती आणि किती माणसांना तो भात पुरतो, हे त्यांच्या सुनेलाही आज अंदाजानेच सांगता येतं.

म्हणून दोन विनंत्या. निधनवार्ता घेताना आपल्या प्रतिनिधीने घरच्यांना एक प्रश्न जास्त विचारावा: बाई गावासाठी काय करायच्या? उत्तर येईल ते एका ओळीत छापावं, जागेचा प्रश्न येणार नाही. आणि ज्या हयात आहेत त्यांच्याकडे आताच यावं. ऐंशी-नव्वदीच्या चार-पाच जणींचे पत्ते मी त्यांना विचारून कळवते. उपवासकाळात यावं, तेव्हा लग्नं नसल्याने त्या मोकळ्या असतात. मात्र ऊन तापलं की वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत पडतात, तेव्हा प्रतिनिधीला सकाळी लवकर पाठवा. आणि तो मिरच्या राखायला बसेल या बोलीवरच पाठवा.

आपली,
एक वाचक
ता. वसई, जि. पालघर