वाडीची भांडी पुन्हा पंगतीत यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यातली लग्नं उरकली, वाडीवाडीच्या सार्वजनिक पूजा झाल्या आणि पहिल्या पावसाने आमच्याकडचा पऱ्या, म्हणजे ओढा, वाहू लागला. मांडवामागे टाकलेली थर्माकोलची ताटं, चकचकीत द्रोण, प्लास्टिकचे ग्लास आणि चमचे त्यातून खाली नदीकडे चालले आहेत. शहरात निदान घंटागाडी येते. आमच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. इथे कचरा एक तर जाळतात, नाही तर पऱ्यात लोटतात, आणि पऱ्यातलं सगळं शेवटी खाडीत जातं.

कायदा आहे. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी घातली. राज्याच्या २०१८ च्या नियमात पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला होता. तरी तालुक्याच्या बाजारात हव्या तेवढ्या ताटांचा गठ्ठा विनासायास मिळतो. कारवाई व्हायलाच हवी. पण घेणारा का घेतो, हे कुणी विचारत नाही. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

कोकणातल्या बहुतेक वाड्यांची स्वतःची भांडी आहेत. मोठे टोप, पराती, ओगराळी, ताटं, वाट्या, फुलपात्री. कित्येकांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली, कुणी मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून घेतलेली. कुणाच्या घरी बारसं असो की तेरावं, भांडी मोजून न्यायची, मोजून परत आणायची आणि हरवलं ते भरून द्यायचं, असा शिरस्ता होता. एकदाच वापरून टाकायच्या वस्तूंना पर्याय शोधा म्हणून आज सांगितलं जातं. आमच्याकडे तो पर्याय समाजमंदिराच्या खोलीत कुलूप लावून ठेवलेला आहे.

त्याला कुलूप का लागलं? कारण धुणार कोण! वाडीतली तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली. मागे राहिल्या वय झालेल्या बायका. सगळ्या गावाची पंगत उठली की मांडवामागे बल्बच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत त्याच चार-पाच जणी ताटं घासत बसायच्या, तेही फुकट, आणि शेवटी जेवायच्याही त्याच. थर्माकोलची ताटं आली तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पर्यावरणाची भाषणं ठोकणाऱ्यांपैकी कितीजण कधी त्या ढिगाऱ्यासमोर बसले आहेत? पुन्हा वापरायची भांडी आणा, असं म्हणताना ती धुण्याचे कष्ट ज्यांच्यावर पडणार त्यांचा विचार आधी झाला नाही, तर कुठलीही मोहीम दोन कार्यक्रमांपलीकडे टिकणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. भांडी धुण्याची मजुरी ठरवावी. राज्याच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे महिला बचत गट आणि त्यांचे ग्रामसंघ जवळपास गावोगाव आहेत. वाडीची भांडी त्यांच्या ताब्यात द्यावीत. ज्याच्या घरी कार्य, त्याने भाडं आणि धुण्याचे पैसे गटाला द्यावेत, अनामत रक्कम ठेवावी. एरवी तोच पैसा डिस्पोजेबलच्या गठ्ठ्यांवर जातोच. ग्रामपंचायतीने समाजमंदिराजवळ धुण्यासाठी ओटा, नळ आणि सांडपाण्याचा शोषखड्डा करून द्यावा, म्हणजे बायकांना चिखलात बसावं लागणार नाही. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक हिस्सा स्वच्छतेसाठी बांधील असतो. त्यातून हे काम बसतं का, हे गटविकास अधिकाऱ्यांनी ग्रामसभेपुढे स्पष्ट सांगावं.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांना टँकरने पाणी येतं, तेव्हा शेकडो ताटं धुवा म्हणणं बरोबर नाही. त्या दिवसांत जेवण वड, पळस, कुड्याच्या पानांच्या पत्रावळीवर वाढावं आणि पेले-चमचे तेवढे स्टीलचे ठेवावेत. पत्रावळ खतात जाते. मात्र कागदी म्हणून विकल्या जाणाऱ्या कपांवर भिस्त ठेवू नये. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना २०२० मध्ये असं आढळलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. आपण तोच कप पाहुण्याच्या हातात आदराने देतो.

हे मोठ्या गर्दीत जमत नाही, असं कुणी म्हणू नये. तिरुवनंतपुरमला आट्टुकाल पोंगलाला लाखो स्त्रिया जमतात. तिथे ‘ग्रीन प्रोटोकॉल’खाली अन्नवाटपात स्टीलची ताटं-पेले वापरायचा आग्रह धरला गेला आणि बायका घरून आपापलं ताट-पेला घेऊन येऊ लागल्या. आपल्या वाडीच्या पूजेला फार तर दोन-तीनशे पानं उठतात.

आता गणपती तोंडावर आहेत. चाकरमानी गावी येण्याआधी मुंबईत वाडीवाडीच्या मंडळांच्या सभा होतील, वर्गणी ठरेल, टी-शर्टचा रंगही ठरेल. त्या सभांमध्ये एक विषय घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. समाजमंदिरातली भांडी बाहेर काढून मोजावीत, कमी पडतील ती ताटं आणि पेले यंदाच्या वर्गणीतून घ्यावेत, आणि महाप्रसादाच्या हिशेबात आचाऱ्याच्या ओळीखाली भांडी धुणाऱ्या बायकांच्या मजुरीची ओळ लिहावी.

आपली,
एक वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी