परदेशात काढलेल्या रोकडीचा खर्च एकाच आकड्यात सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की परदेशी सहलीला निघालेल्या मंडळींमध्ये ‘पैसे काढायला कोणते कार्ड न्यावे’ हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरेही ठरलेली असतात. कोणी सांगतो की अमुक कार्डाला मार्कअप नाही, कोणी सांगतो की तमुक बँक पैसे काढायला कमी शुल्क घेते. ही माहिती खोटी नसते, पण अपुरी असते. कारण परदेशातल्या एटीएममधून भारतीय डेबिट कार्डाने रोकड काढताना साधारणपणे चार ठिकाणी पैसे कापले जातात आणि जाहिरातीत त्यांपैकी एखादेच ठिकाण दिसते. एक, ज्या बँकेचे ते एटीएम असते तिचे स्थानिक शुल्क. दुसरे, आपल्या बँकेचे दर व्यवहारामागचे ठरावीक शुल्क. तिसरे, चलन बदलताना दरावर चढवला जाणारा मार्कअप, जो बहुतेक बँकांत तीन ते साडेतीन टक्के असतो. आणि चौथे, आपल्या बँकेच्या या दोन्ही आकारण्यांवर १८ टक्के जीएसटी.

थायलंडचे उदाहरण घेतो, कारण मुंबईहून तिथे थेट विमाने आहेत, मराठी माणसांच्या पहिल्यावहिल्या परदेशवारीचे ते आवडते ठिकाण आहे आणि तिथल्या बाजारांत, रस्त्यावरच्या खाद्यगाड्यांवर किंवा टुकटुकमध्ये आजही रोकड लागते. तिथली एटीएम परदेशी कार्डाकडून दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क घेतात. हिशेब सोपा जावा म्हणून एक बाट अडीच रुपयांचा, मार्कअप साडेतीन टक्के आणि आपल्या बँकेचे शुल्क १२५ रुपये धरू. १०,००० बाट, म्हणजे २५,००० रुपये काढले, तर स्थानिक शुल्काचे ५५० रुपये, मार्कअपचे सुमारे ८९४, त्यावरील जीएसटीचे १६१ आणि बँकेच्या शुल्काचे जीएसटीसह १४७ रुपये ५० पैसे, असे एकूण सुमारे १,७५० रुपये जातात. हा खर्च सात टक्के झाला. आता त्याच कार्डाने त्याच यंत्रातून फक्त २,००० बाट, म्हणजे ५,००० रुपये काढून पाहा. खर्च सुमारे ९२७ रुपये येतो, म्हणजे साडेअठरा टक्के! ‘लागतील तसे थोडे थोडे काढू’ असे म्हणून पाच वेळा दोन-दोन हजार बाट काढणारा प्रवासी एका फेऱ्यात काम उरकणाऱ्यापेक्षा जवळपास २,९०० रुपये जास्त मोजतो. आणि जवळ फार रोकड बाळगू नये म्हणून थोडे थोडे काढणारे बहुधा ज्येष्ठ नागरिकच असतात.

मार्कअप शून्य असलेल्या कार्डाने यातला मोठा भाग वाचतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्थानिक एटीएमचे शुल्क त्या कार्डालाही चुकत नाही, आणि अशा काही कार्डांवर बँकेचे पैसे काढण्याचे शुल्क कायम असते. छोट्या रकमांना तर मार्कअपपेक्षा ही ठरावीक शुल्केच जास्त जाचक ठरतात.

माझी नोकरी हिशेबतपासणीची होती. त्यामुळे सहलीवरून परतलेली आमच्या सोसायटीतली मंडळी आपापली पासबुके घेऊन माझ्याकडे येतात. अलीकडेच एका शेजारीण काकूंचे पासबुक पाहिले. रोकड काढल्याची ओळ एका तारखेला होती, मार्कअपची ओळ दोन दिवसांनंतरची होती आणि शुल्काची त्याखाली. प्रत्येकीपुढे तुटक इंग्रजी अक्षरे छापलेली. स्थानिक एटीएमचे शुल्क कुठेच वेगळे दिसत नव्हते, कारण ते काढलेल्या रकमेत मिसळूनच येते आणि मार्कअप त्या शुल्कावरही बसतो. मोबाइलवर आलेल्या संदेशात केवळ पहिली रक्कम होती. काकू शाखेत चौकशीला गेल्या तेव्हा ‘ते सिस्टीममधून आपोआप कापले जाते’ एवढेच त्यांना ऐकवण्यात आले. आपले किती पैसे कशासाठी गेले हे ज्या खातेदाराला व्यवहारानंतरही कळत नाही, त्याने व्यवहाराआधी दोन कार्डांची तुलना करायची तरी कशी?

यात आणखी एक सापळा परदेशातल्या एटीएमच्या पडद्यावरच मांडलेला असतो. पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी यंत्र विचारते की रक्कम रुपयांत बदलून हवी का. सोबत रुपयांतला आकडा ठळक दिसतो, ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणे असतात, आणि नाकारले तर पैसेच मिळणार नाहीत या धास्तीने लोक स्वीकारतात. वास्तविक नाकारल्यावर व्यवहार रद्द होत नाही. तो स्थानिक चलनातच होतो आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या त्या दिवसाच्या दराने आपल्या बँकेकडे येतो. स्वीकारल्यास मात्र दर ठरवण्याचा अधिकार त्या एटीएमवाल्याकडे जातो आणि तो पाच-सात टक्के, कधी त्याहूनही जास्त चढा असतो. रुपयांत झालेल्या अशा परदेशी व्यवहारावर काही भारतीय बँका पुन्हा आपलेही शुल्क लावतात. सहल कंपन्यांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत पासपोर्ट-व्हिसाबरोबर ही गोष्ट पडद्याचे चित्र दाखवून समजावून सांगितली, तर पर्यटकांचे बरेच पैसे वाचतील.

क्रेडिट कार्डाने रोकड काढणे हा सर्वांत महाग मार्ग होय. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोकडीला लागू होत नाही. व्याज त्याच दिवसापासून सुरू होते आणि ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असते. त्याखेरीज साधारण अडीच टक्के रोकड शुल्क आणि मार्कअप वेगळा. वरच्याच १०,००० बाटचा या दरांनी हिशेब केला आणि पैसे वीस दिवसांनी भरले असे धरले, तर एकूण खर्च बारा टक्क्यांपलीकडे जातो. आधीच परदेशी चलन भरून न्यायचे फॉरेक्स कार्ड तुलनेने बरे, मात्र ज्या देशात जायचे तिथलेच चलन त्यात भरलेले असेल तरच. डॉलर भरलेल्या कार्डाने बाट काढले की चलन पुन्हा बदलते आणि त्याचे शुल्क पुन्हा पडते. कार्डात पैसे भरताना विनिमयावर जीएसटी लागतो, तो किमान ४५ रुपये असल्याने चार-पाच वेळा थोडे थोडे भरणेही परवडत नाही. चलनविक्रीच्या दरात दडलेला नफा तर कोणत्याच पावतीवर नसतो. तो जाणून घ्यायचा तर त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी दर विचारणे भाग आहे. यूपीआय आता नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस अशा देशांत काही ठिकाणी चालते ही समाधानाची बाब आहे, पण त्याने रोकडीची गरज संपलेली नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे की, रिझर्व्ह बँकेने परदेशातील रोकडीसाठी सर्व आकारण्या धरून एकच आकडा सांगणे बँकांना बंधनकारक करावे. अशा पद्धतीचा पायंडा तिने स्वतःच पाडला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना व्याज आणि इतर सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर ग्राहकाला एका पत्रकात द्यावा लागतो. देशातल्या एटीएमवर मोफत व्यवहार संपल्यावर जास्तीत जास्त किती शुल्क घ्यायचे हेही ती ठरवते. १ मे २०२५ पासून ही मर्यादा २३ रुपये आहे. देशात तेवीस रुपयांचा हिशेब चोख ठेवणारी व्यवस्था सीमेपलीकडे गेलेल्या त्याच खातेदाराच्या नऊशे रुपयांबाबत गप्प का राहते, हे मला समजत नाही.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमानुसार एप्रिल २०२० पासून तिथल्या चलनांच्या व्यवहारांत, चलन बदलून देणाऱ्या एटीएमला आपला दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरापेक्षा किती टक्क्यांनी चढा आहे हे व्यवहारापूर्वीच दाखवावे लागते. आपल्याकडेही एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था डॉलर, युरो, पाऊंड, येन अशा चलनांचे रुपयांतले संदर्भदर जाहीर करते, तेव्हा तुलनेसाठी पट्टी नाही असे म्हणता येणार नाही. स्थानिक एटीएमचे शुल्क आपल्या हाती नसते, असे बँका म्हणतील, आणि ते खरेही आहे. परंतु स्वतःचे शुल्क, मार्कअप आणि त्यावरील कर यांची बेरीज करून सांगणे पूर्णपणे त्यांच्याच हाती आहे.

हा आकडा कुठे दाखवावा याचाही विचार व्हावा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२०च्या आदेशामुळे नव्या कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो आणि तो ग्राहकाला स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये ग्राहक ही सोय सुरू करतो त्याच वेळी, ‘या कार्डाने परदेशात ५,००० रुपयांइतकी रोकड काढल्यास आमची आकारणी इतकी, २५,००० काढल्यास इतकी, स्थानिक एटीएमचे शुल्क निराळे’ अशी दोन ओळींची सूचना मराठीतून दिसावी. पैसे काढल्यानंतर येणाऱ्या संदेशातही काढलेली रक्कम आणि एकूण कपात हे दोन्ही आकडे एकत्र यावेत. रिझर्व्ह बँकेच्या संबंधित विभागाने येत्या उन्हाळी सुट्टीपूर्वी तसे परिपत्रक काढावे, ही विनंती आपल्या पत्राद्वारे मी करत आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस, ठाणे