अठरा टक्के, पण कशाचे?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्याच्या पानावर ‘चोरीस, सॉसेजने कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी जास्त’ असं मोठ्या टायपात आलं, आणि त्याचं कात्रण घेऊन आमची शेजारीण सकाळीच दारात. ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीसाच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा विकते, पावसाळ्याआधी तर तिला हात धुवायला फुरसत नसते. म्हणे, "भाई, शंभरांतले अठरा जाण मरतले म्हण?"

नाही हो! हा आकडा २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने दिला, आतड्याच्या कॅन्सरबद्दल, आणि तोसुद्धा असं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर. समजा जन्मभरात शंभरातल्या ५ जणांना तो होणार असेल तर त्या ५ चे १८ टक्के वाढवा, होतात ५.९, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता वाढला नाही. कात्रणाच्या मागेच लिहून दाखवलं तिला. तुमच्या बातमीत हा मूळचा ५ कुठेच नव्हता, रोज ५० ग्रॅमसुद्धा नव्हतं.

असले आकडे बरेचदा कोहॉर्ट अभ्यासातून, म्हणजे माणसांचा एक गट धरून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवण्यातून येतात. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ सालापासून ५,२०९ माणसं घेतली आणि वर्षानुवर्षं बघत राहिले की हृदयविकार कोणाला होतो. आता आपल्याकडे असं करायचं तर अर्धे लोक तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) नाहीतर गल्फात, चार वर्षांनी माणूस गेला बोटीवर, त्याचं काय करायचं? त्याला वगळायचं नाही आणि बरा राहिला असंही धरायचं नाही, त्याची ती चार वर्षं तेवढी हिशोबात घ्यायची. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ मध्ये दिलेल्या पद्धतीत हे व्यवस्थित बसतं, वर वय, सिगरेट, दारू यांचा वाटा वेगळा काढता येतो. पण फेणी किती घेता हे विचारलंच नसेल तर गणित तरी काय करणार, सगळं खापर चोरीसावर!

चोरीस रोज खा असं मी म्हणत नाही, पुरावा पक्का आहे, संस्थेने असल्या मांसाला तंबाखूच्याच गटात घातलंय. पण तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही, हे पण छापा की कधी.

पुढच्या वेळी टक्क्यांच्या शेजारी ‘शंभरात किती, किती वर्षांत’ एवढी एक ओळ टाका. शेजारणीने या शुक्रवारी माळा कमीच नेल्या होत्या.

आपला एक वाचक, म्हापसा